दहावी ‘ब’ची मावशी

सोमवारी दहावी ‘ब’ची सात पोरं गुळगुळीत टक्कल करून वर्गात आली आणि माझं डोकंच फिरलं. वर्षभर केसांवरून आमचं युद्ध चाललं होतं. कोणी कानाजवळ पट्ट्या काढायचा, कोणी पुढची बट लाल करायचा. शनिवारीच मी वैतागून म्हटलं होतं, “सोमवारपर्यंत केस बारीक झाले नाहीत तर मीच कात्री घेऊन बसते.” त्याचं हे उत्तर, असं मला वाटलं. सातही जणांना बाहेर कडुनिंबाखाली उभं केलं. एरवी बाहेर काढलं की हे पोट्टे खिदळतात. त्या दिवशी गप्प उभे होते. तास संपल्यावर मीच गेले. “कोणाच्या डोक्यातलं हे?” एकाने जमिनीकडे बघत सांगितलं, “काल यमुनामावशीचा दहावा होता, मॅडम. नदीवर.” ... म्हणजे यमुनाबाईंना जाऊन दहा दिवस झाले होते. शाळेच्या फाटकासमोर मासोळ्या विकायला बसणारी बाई दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी महिनाभरापासून तिकडे बघणंच सोडलं होतं.

चामोर्शीजवळच्या या शाळेत मी गणित शिकवते. सातवीपर्यंतची लेकरं गरीब असतात हो. आठवीत आवाज फुटतो, मिशीची रेघ उमटते आणि तिथून पुढे बाईचं बोलणं या कानातून त्या कानात. मारायचं नाही, हे बरोबरच आहे. पण मग करायचं काय, ते कोणी सांगत नाही. रागवा, तर हसतात. समजावून सांगा, तर जांभया देतात. प्रेमाने जवळ घ्या, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर तुमचंच चित्र. शेवटी आमच्या हाती एकच शस्त्र उरतं: “उद्या घरून कोणाले तरी घेऊन येजो.” त्याशिवाय वर्गात बसू द्यायचं नाही.

या शाळेतल्या पहिल्याच वर्षी हे शस्त्र मी आता दहावी ‘ब’त असलेल्या निखिलच्या मोठ्या भावावर चालवलं, तेव्हा त्याच्यासोबत यमुनाबाई आल्या. साठीच्या, काटक, गुडघ्यापर्यंत ओलं लुगडं. बोडीवरून, म्हणजे गावतळ्यावरून, मासे धरून थेट आल्या होत्या. टोपली दाराबाहेर ठेवून म्हणाल्या, “मी याची मावशी.” पंधरा दिवसांनी दुसऱ्या पोराची आत्या म्हणून आल्या. मग तिसऱ्याची काकू. एकदा तर एकाच सकाळी एकाची आजी आणि एकाची मामी! आमचे शिपाई मडावीभाऊ तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी म्हटलं, “यमुनाबाई, तुम्हाला नातेवाईक तरी किती?”

“गावात रायलं म्हंजे लागतेच काई ना काई, मॅडम.”

या बाईने मला खरंच छळलं. पालक म्हणून येणाऱ्या माणसाने एक तर पोराची बाजू घ्यावी, नाहीतर त्याच्या पाठीत धपाटा घालावा. ह्या बाई दोन्हीतलं काहीच करायच्या नाहीत. माझी सगळी तक्रार मान खाली घालून अशी ऐकायच्या, जणू पंख्याचं पातं त्यांनीच वाकवलं. मग पोराला विचारायच्या, “काऊन रे? मॅडमले तरास देतं?” त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायच्या, आणि मला म्हणायच्या, “एवढ्या बारीले सोडा.” पोरगा आठ दिवस देवासारखा वागायचा. नवव्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या! मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याकडे जाऊन भाजलेले झिंगे खायची आणि तसल्याच हातांनी गणिताच्या वह्या हाताळायची. तपासताना वह्यांना वास यायचा. हे सुद्धा मी त्यांना सांगितलं. म्हणाल्या, “साबन देतो मी त्याह्यले.”

या जानेवारीत मात्र माझा तोल गेला. निखिलने मी फळ्यावर प्रमेय सोडवत असताना चोरून मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला, त्यावर नाचाचं गाणं चढवलं आणि गावभर पाठवला. किराणा दुकानातला माणूस माझ्याकडे बघून हसला तेव्हा मला कळलं. घरी जाऊन मी रडले. बावीस वर्षं शिकवल्यावर हे! दुसऱ्या दिवशी निखिलला सांगितलं, “आई नाहीतर बाप. खरे. आधार कार्ड घेऊन.” आणि आल्या कोण? यमुनाबाई. मी त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही. “तुम्ही याच्या कोणीच नाही. पोरांना खोटं बोलायला तुम्हीच शिकवता,” असं सगळ्या स्टाफसमोर म्हटलं.

“मी नाई आली तं कोन येते याचं, सांगा बरं,” त्या हळूच म्हणाल्या.

“कोणी नसेल तर त्यानेही येऊ नये.”

त्यांनी टोपली उचलली आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून निखिलही शाळेत येईनासा झाला. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, आणि मी म्हणत होते, बरी खोड मोडली.

त्या सोमवारी शाळा सुटल्यावर त्या सात टकल्यांना घेऊन मी यमुनाबाईंच्या घरी गेले. आठवा टकल्या तिथे होता. निखिल अंगणात जाळं वाळत घालत होता. यमुनाबाईंची एकुलती लेक दूर सिरोंचाकडे दिलेली, ती पोचेपर्यंत थांबता आलं नाही. अग्नी त्यानेच दिला होता. शेजारची बाई मला सांगू लागली, आणि इतक्या वर्षांत मी न विचारलेली गोष्ट मला कळली. पौष लागला की या पोरांचे मायबाप मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पार उन्हाळ्यातच परततात. जाताना घराला कुलूप, आणि तांदळाचं पोतं अन् पोरगं यमुनाबाईंकडे. “ह्या आठी जनायचं जेवन इथीच होये, मॅडम. निजनं इथीच.” ... आणि मी त्यांच्याकडे आधार कार्ड मागत होते.

“निखिल, शाळेत चल. हॉल तिकीट आलंय,” मी म्हटलं.

तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. “तुमी म्हनल्या होत्या, घरचं कोनी आन. बाबाले फोन केला होता. काम सोडून येता येत नाई म्हनला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माह्या घरची होती ते तं गेली.”

चूक माझी होती आणि माफी मागायला समोर कोणी नव्हतं. मी त्या पोराची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

इतके दिवस गैरहजर, म्हणून मुख्याध्यापकांनी पालकाचं हमीपत्र मागितलं. मी कागद पुढे ओढून सही केली. “नातं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मावशी लिहा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, निखिल सुधारला. कसचं काय! चौथ्याच दिवशी सरावपरीक्षेत त्याच्या दप्तरात मोबाइल वाजला, तोही कोंबड्याच्या आवाजात. अख्खा वर्ग फुटला. मी खडू आपटला आणि तोंडाला बसलेलं वाक्य निघून गेलं, “उद्या घरून कोणाले तरी घेऊन येजो!”

निखिल उभा राहिला. टकलावर आता बारीक केस आले होते. जराही आगाऊपणा न करता, अगदी खरं ते सांगावं तसं तो म्हणाला, “आता तं तुमीच आहा, मॅडम.”