वारुळासारखं वाचनालय

ऊर्जानगरवरून ऑटोत बसली. चंद्रपूरच्या स्टँडवर आलापल्लीची गाडी सुटाले आली, अन् कडेवर आठ महिन्यांची परी, खांद्यावर पिशवी घेऊन मी धावून राह्यली. नववीत शाळा सुटली माही. आता बाहेरून दहावीचा फारम भरला, परीक्षा तीन महिन्यांवर, अन् पुस्तकं नाईत. माहेर माहं आलापल्लीचं. तिथी नवं सरकारी वाचनालय झालं, सारी पुस्तकं आहेत, असं आईनं फोनवर सांगतलं. भेव एकच, लेकरावाली बाई आत घेतीन काय?

गोंडपिपरीले तर्रीपोहे घेतले, तं परीनं अख्खा हात तिखट तर्रीत घातला. मंग काय, रडून रडून गाडी डोक्यावर! शेजारची बाई म्हणे, "अवं, दही लाव ना." चालत्या गाडीत दही कुठून आणू? आष्टीचा पूल लागला, वैनगंगेचा वारा आला, तेव्हा कुठी पोट्टी झोपली. पुढं नुसता सागच साग.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेली. लांबून पायलं तं हे मोठं वारूळ! लाल मातीच्या जाड भिंती, खाली बारीक भोकं, वर निमुळतं तोंड. मी दारातच थांबली.

"मॅडम, वारुळात साप राहते ना?"

ग्रंथपाल मॅडम हसल्या. "इथं पुस्तकं राहतात, बाई. भोकांना जाळी आहे. ये."

आत ना पंखा, ना एसी, तरी बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठावर बसल्यावानी गारवा. खालच्या भोकांतून गार हवा शिरते, गरम हवा वरच्या तोंडातून निघते. वारुळात होते तसंच, मॅडमनं सांगतलं. छत सागाच्या पानावानी, शिरांशिरांनी पावसाचं पाणी टाक्यात उतरते. खांबही झाडावानी, हात पुरते तिथूनच फांद्या फुटलेले. आमच्या ऊर्जानगरच्या खोलीत कूलर लावूनही अंग भाजते.

"फक्त दहावीची पुस्तकं घरी नेता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "इथंच बसून वाचायची."

झालं! गणित उघडलं अन् परी सुरू. पेपर वाचणारे एक म्हातारे भाऊ खेकसले, "अवं, वाचनालय आहे हे, वावर नाई!"

वावर म्हटलं अन् मले सुचलं. रोवण्याच्या (भातलावणीच्या) टायमाले आम्ही लेकरू कुठी ठेवतो? बांधावरच्या झाडाले लुगड्याचा झोका! पिशवीतलं जुनं लुगडं काढलं, दोन फांद्यांवर टाकलं, गाठ मारली.

भाऊ उठलेच. "मॅडम, पाहा हे! यासाठी बांधलं काय?"

मॅडम आल्या. त्यांनी फांदी दाबली, झोका दोन्ही हातांनी खाली ओढून पायला.

"गाठ पक्की आहे," त्या म्हणाल्या. "भाऊ, खांबाचं झाड केलं तर झोका कोणी बांधणारच ना."

भिंतीतून गार वारा, पाच मिनिटांत परी गप. पायाच्या अंगठ्याले लुगड्याचं लोंबतं टोक, हातात पेन्सिल, अन् समोर ते एक्स-वाय, ज्यानं नववीत मले रडवलं. लिवलं, खोडलं, पुन्हा लिवलं. तिसऱ्यांदा उत्तर निघालं. पुस्तकाच्या मागं पायलं तं तेच!

"आलं!" मी ओरडलीच.

भाऊंनी पेपर खाली केला. "घ्या! लेकरू झोपलं अन् माय ओरडली." मंग हळूच म्हणे, "कितवं होतं?"

"पयलंच."

"तं दुसरं कर ना, मले काय पायतं!"

चार दिवसांत धडा संपला. परतीच्या गाडीत मी खिडकीजवळ ताठ बसली. आजवर सरकारी इमारत पायली का भेव वाटे, ही आपल्यासाठी नाई. हिच्यात मातीची भिंत, झाड, वारूळ, सारं माह्या वळखीचं. तिथी मले बाहेरची कोण म्हणणार?

ऊर्जानगरले उतरल्याबरोबर परीच्या बाबाले सांगतलं, "पुढच्या महिन्यात पंधरा दिवस माहेरी जातो."

"काऊन? आईची आठवण येते?"

"नाई," मी म्हटलं. "भूमिती राह्यली."