रागीट तोंडाची गाडी

नांदेडात गाडी घ्यायची तर पांढरी घ्यावी, विकताना भाव येतो, असं सगळे सांगतात. म्हणजे घेतानाच विकायचं डोक्यात. आमच्या ह्यांनीही जन्मभर पांढऱ्याच घेतल्या. ते गेल्यावर तीन वर्षांनी मी एकटीच शोरूमला गेले आणि जपानी कंपनीची ती नवी गाडी बघितली. रंग गडद केशरी, छप्पर काळं, पुढची जाळी जबडा वासल्यासारखी, दिवे रागाने बारीक केलेल्या डोळ्यांसारखे. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हे तोंड पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. तुमच्या वयाची माणसं पांढऱ्यातलं साधं मॉडेल घेतात." एवढं ऐकल्यावर मी दुसरी कुठली घेणार होते?

शेजारच्या काकूंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "बाई, ही तर भांडायला निघाल्यागत दिसून राहिली."

"घरात भांडायला कुणीतरी पाहिजेच होतं," मी म्हणाले. त्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण ते खरंच होतं.

नवी गाडी सवाष्णीने ओवाळायची असते. मी विधवा. शोरूमवाल्यांनी ताट तयार ठेवलं होतं, पण परक्या मुलीकडून ओवाळून घेणं मला नको वाटलं. माझ्या गाडीचं कौतुक घरच्या माणसाने करावं, एवढीच हौस होती. आणि घरचं म्हणावं असं जवळ एकच माणूस उरलंय, मुदखेडची माझी धाकटी जाऊ.

तिच्याकडे गाडी नेली. दिरांनी पुढून बघितलं, मागून बघितलं. "वहिनी, पांढरी न्हाई मिळाली का?" एवढंच बोलले आणि नारळ फोडायला घेतला. जाऊ ताट घेऊन आली, जरा वेळ त्या जाळीकडे बघत राहिली आणि तोंडाला पदर लावून हसली. "लई डेरिंगची हाय, अक्का. तुमच्यासारखीच." मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तिने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं. मग त्याच ओघात वळून तिने कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आणलं. गाडीनंतर मालकिणीला कुंकू लावायचंच असतं, हाताला सवय असते. बोट मध्येच थांबलं. तिने दिरांकडे बघितलं, बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "चहा टाकते."

तिचा राग आला नाही. तिचेही डोळे भरले होते. चहा पिऊन मी निघाले.

घरी येऊन गाडी गेटात लावली. बॉनेटवरचं कुंकू वाळलं होतं. बोट पाण्यात बुडवून त्यातलं थोडं घेतलं आणि गाडीच्या आरशात बघून कपाळाला लावलं. चांगलं दिसलं मला. संध्याकाळपर्यंत मी ते पुसलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत दाराशी कुणीच आलं नाही.