पोस्टमन, टेलरबाई आणि जिना

माझी मावशी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तीस वर्षं नकाशे काढत होती, आणि तेवढ्या काळात तिनं किती खोटी माणसं जन्माला घातली याची गणती नाही. रिकाम्या कागदावर तिला साधी भिंतसुद्धा ओढता येत नसे. आधी माणूस लागायचा. दवाखान्याचं काम आलं की पेन्सिलीला टोक काढता काढता ती एक भित्रा रोगी तयार करायची. सुई बघितली की त्याला घेरी येते, म्हणून इंजेक्शनची खोली रांगेसमोर नको. बँकेचं काम आलं तेव्हा एक विसराळू सासूबाई आल्या. या माणसांना ती नकाशातून बोटानं चालवायची आणि ती जिथे अडखळतील तिथे दार सरकवायची. मावशीचं लग्नच झालेलं नाही, तेव्हा सासूबाई कुठून आणल्या हे मी विचारलं नाही.

मी त्याच ऑफिसात पुठ्ठ्याची मॉडेलं करते, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं. तिच्या माणसांचं नशीब मात्र फुटकं. त्यांच्यासाठी काढलेला कोनाडा, कट्टा, आडोसा, जे काही असेल त्याला शेवटी कात्री लागायची. कधी आमचे आर्किटेक्ट सर लावायचे, कधी ठेकेदार. तीस वर्षांत तिच्या मनातली एकही गोष्ट विटांत उतरली नव्हती. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा ती मला म्हणाली, "एक तरी उभं राहू दे गं. एकच. मग मी सुखानं घरी बसेन."

तेवढ्यात गावच्या ग्रंथालयाचं काम आलं, आणि मावशी पेटली. या वेळी तिनं एक निवृत्त पोस्टमन काढला. जन्मभर लोकांच्या दारापर्यंत गेला, पण आत या असं कुणी म्हटलं नाही; म्हणून आता रोज ग्रंथालयात येऊन आत बसतो. दुसरी एक टेलरबाई. घरी दिवसभर मशीनची खडखड, त्यामुळे चार वाजता ती कादंबरी वाचायला येते. तो खाली वर्तमानपत्रांत, ती वर कादंबऱ्यांत. मग दोघं भेटणार कुठे? जिन्यात. म्हणून जिना जिथे वळतो तिथे खिडकी हवी, आणि खिडकीखाली बैठक. दोघांना पुरेल पण खेटून बसावं लागणार नाही अशी, साडेचार फुटांची.

ही सगळी कथा ती नकाशाच्या कडेला पेन्सिलीनं लिहायची. नकाशा बाहेर जाण्याआधी ती खोडायचं काम माझं. त्या दिवशी मी मॉडेलचा जिना चिकटवत बसले आणि साफ विसरले. पोस्टमन आणि टेलरबाई जशीच्या तशी ग्रंथालय समितीच्या सहाही जणांच्या हातात पडली.

समितीच्या सभेत पहिले बोलले ते नगरपालिकेचे इंजिनिअर. सुकलेला, कमी बोलणारा माणूस. जिना सरळ करा, वळण आणि बैठक काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. सरांनी लगेच मान डोलावली. मावशीनं डोळे मिटून घेतले. आणि अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मग ती दोघं भेटणार कुठे?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. खोडायचं राहिलं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी टेबलाखाली जायचीच बाकी होते. पण समितीला आता कोण आवरणार? सभासदांतले डॉक्टर म्हणाले की चाळीस वर्षं सायकल मारून पोस्टमनचे गुडघे गेलेले असणार, तेव्हा कठडा दोन्ही बाजूंनी पाहिजे. कुणी म्हणालं, हा माणूस लाजाळू आहे, त्याला बोलायला निमित्त हवं, बैठकीजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ द्या. दुसऱ्याला नळ पटेना. टपटप आवाजात बाई वाचणार कशी? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते मी त्या दिवशी याचि डोळा पाहिलं. मावशी तर रंगातच आली. टेलरबाईला घाई नाही, जमायला दोन वर्षं लागली तरी चालतील, असं ती अध्यक्षबाईंना समजावून सांगत होती.

इंजिनिअर मात्र पट्टी लावून काहीतरी मोजत होते. आता हे सगळ्यांवर पाणी ओतणार, असं मला वाटलं.

"टेलरबाई चार वाजता येतात असं लिहिलंय," ते म्हणाले. "खिडकी पश्चिमेला आहे. ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांवर येईल. शिवून शिवून आधीच थकलेले डोळे. खिडकी उत्तरेला घ्या."

नकाशा मंजूर झाला. नळासकट. घरी येताना मावशी रस्ताभर हसत होती आणि मध्येच थांबून माझा दंड दाबत होती.

ग्रंथालय उभं राहिलं, मावशी निवृत्त झाली, आणि उद्घाटनानंतर महिन्याभरानं, गर्दी ओसरली असेल म्हणून, आम्ही दोघी ते बघायला गेलो. गर्दी कुठली ओसरतेय! वर जागा नाही, खाली जागा नाही, जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा लोक पुस्तकं घेऊन बसलेले. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, खिडकीखाली, साडेचार फुटांची बैठक रिकामी. लख्ख पुसलेली.

मावशीनं ग्रंथपालबाईंना विचारलं, इथे कुणी बसत कसं नाही?

"ती जागा एका जोडप्याची आहे," बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं. "अजून जमलेलं नाही त्यांचं. पण जमेल. आम्ही कुणाला बसू देत नाही."

समितीनं ती कथा गावभर केली होती, आणि ती खोटी आहे हे सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मला हसू आवरेना. पण मावशीकडे बघितलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. तीस वर्षांत एकच गोष्ट उभी राहिली, आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. खरं सांगून टाक, असं मी तिच्या कानात म्हटलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग कठड्याला धरून ती ग्रंथपालबाईंकडे वळली.

"तुम्हाला कळलं नाही वाटतं? झालं की त्यांचं लग्न. मागच्याच आठवड्यात. पोस्टमनच्या बहिणीच्या गावी राहायला गेली दोघं." तिनं एकदा बैठकीकडे बघितलं. "आता यायची नाहीत ती."

बाईंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी काउंटरवर सांगितलं, काउंटरनं वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, आणि पाच मिनिटांत बातमी जिना चढून वर गेली. कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. शांतता राखा अशी पाटी होती तिच्याखालीच. मग एक लठ्ठ गृहस्थ पायरीवरून उठले, इकडेतिकडे बघत बैठकीवर टेकले, आणि हळूहळू पूर्ण बसले. उरलेल्या जागेत दोन कॉलेजच्या मुली घुसल्या. मावशीला काही जागा मिळाली नाही. ती तीन पायऱ्या खाली उभी राहून बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

मी तिचा हात धरला.

"मीच घालवलं गं त्यांना," ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसून पुन्हा वर बघितलं. "पण तो बघ तरी, कसा ऐसपैस बसलाय."