पदूकाकाच्या बांधावर

बांगलादेशची लढाई होऊन काही वर्षं झाली होती. आमची बटालियन अंबाल्याला होती. मी हवालदार. भाद्रपदात ॲन्युअल लीव्ह मिळाली आणि मी घणसोलीला घरी आलो. लोक मला नेहमी लढाईचं विचारतात. लढाईत मी फारसं काही केलं नाही, उगाच बढाया कशाला मारू? ज्याने केलं त्याचं सांगतो.

धर्मादादा माझा थोरला भाऊ. खाडीकाठची आमची भातशेती तोच करायचा. शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आणि मधे फक्त मातीचा बांध. प्रत्येक घराने बांधाचा आपापला तुकडा राखायचा, ही गावची रीत. खेकडे बांधात बिळं करतात. बिळातून खारं पाणी शिरतं. ते भातात उभं राहिलं की त्या वर्षी चूल थंड, आणि पुढच्या वर्षाचीही खात्री नाही. म्हणून दादा रोज पहाटे बांधावरून फिरायचा. बीळ दिसलं की चिखल कोंबून टाचेने दाबायचा. घरी येऊन दोन्ही पोरींच्या वेण्या घालायचा, कारण वैनी तोवर भाजी घेऊन ठाण्याला गेलेली असायची. वेण्या वाकड्या यायच्या. पोरी भोकाड पसरायच्या, हा हसायचा. मी सोबत निघालो की म्हणायचा, "फौजी, हलू चाल रं. तुज्या बुटानं बांध खचल."

त्या वर्षी नव्या शहरासाठी जमिनी जाणार म्हणून नोटिसा आल्या होत्या. बरेच जण तुर्भ्याच्या कारखान्यांत लागले. शेजारच्या शेताच्या पदूकाकानेही नोकरी धरली आणि बांधावर फिरणं सोडलं.

"जानाऱ्या जमिनीला कोन लिंपत बसतंय?" तो म्हणाला.

"जाईल तवा जाईल," दादा म्हणाला. "आज भात उभा हाय ना?"

सर्वपित्री अमावस्या आली. अमावस्येचं उधाण भर दुपारी येतं. घराघरात पितरांची पानं वाढलेली होती. खाडीकडून हाक आली, "खांड पडली! खांड पडली!" बांध फुटला होता, पदूकाकाच्या तुकड्यात. हाक आली की घरटी एक माणूस धावायचा, हीसुद्धा रीतच. त्या दिवशी आम्ही पाच जण पोचलो. पदूकाका कामावर होता.

दादाने गोठ्याचं दार उचकटून डोक्यावरून आणलं. खाडीच्या बाजूने पाण्यात उतरला. दार खांडीवर आडवं लावून खांद्याने रेटून धरलं. छातीपर्यंत पाणी.

"ढेपा टाका!"

आम्ही मातीच्या ढेपा टाकू लागलो. फौजेत सेक्शन माझ्या हाताखाली असायचा. इथे कमांड त्याची.

"पेंढा!"

"टाकला."

"थांबू नको."

पाणी गळ्याशी आलं. मी हात पुढे केला. "दादा, बास. वर ये."

"पाय रुतलेत. आदी ढेपा टाक, मंग मला काढ."

फौजेत सीनियरचा हुकूम मोडत नाहीत. आमच्या घरातही मोडत नसत. खांड बुजली. मी त्याचं मनगट धरलं, तोच बाजूच्या बांधाची खाडीकडची कड खचून त्याच्यावर आली. मनगट माझ्या हातातच होतं. आम्ही हातांनी उकरत राहिलो. ओहोटी लागली तेव्हा दादा बाहेर निघाला.

लढाईतल्या कॅज्युअल्टी मी पूर्वी पाहिल्या होत्या. नाडी पाहिली. तोंडातला चिखल काढला. डोळे मिटवले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

वैनी धावत आली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग शेताकडे.

"भात वाचला?"

"वाचला," मी म्हटलं.

मग ती खाली बसली.

मी लीव्ह वाढवून घेतली आणि भात कापला. पदूकाका रोज कारखान्यातून सुटला की विळा घेऊन यायचा, अंधार पडेपर्यंत कापायचा. वैनी त्याला पाणी द्यायची. पोरी वर्षभर त्याच तांदळाचा भात जेवल्या. पुढे जमीन गेली, भराव पडला. बांध कुठे होता ते आता मलाही दाखवता येणार नाही.

आमच्या बटालियनच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापनेच्या दिवशी, शहिदांची नावं वाचतात. सगळे सावधान. दादा गेल्यानंतरच्या एका वर्षी नावं वाचायची ड्यूटी माझी होती. यादी संपली आणि मी आणखी एक नाव घेतलं.

सुभेदारसाहेब माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "हा कुठल्या कंपनीचा?"

"कुठल्याच नाही, साहेब. माझा भाऊ. शेतकरी होता."

साहेब मागे आपल्या जागी गेले. विश्रामचा हुकूम त्यांनी लगेच दिला नाही. सगळी बटालियन तशीच सावधान उभी राहिली.