जावयापासून वीतभर लांब

त्या पाडव्याला आमच्या श्रीरामपूरच्या घरात मी असा काही घोळ घातला, की आजही आठवलं की कानाला हात लावते. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि ताईचा पहिला दिवाळसण होता.

ताईने लग्न स्वतःच्या पसंतीने केलेलं… त्यामुळे दाजींना काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही, असा आईचा हुकूम. दाजी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. येताना लॅपटॉप घेऊन आले, जो आमच्या गल्लीने तोवर फोटोतच पाहिलेला! त्याच्या बाजूने एक चपटं कार्ड बाहेर आलेलं, त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. वायरशिवाय नेटवर्क जोडणारं कार्ड, म्हणाले दाजी. मी मान डोलावली… ओ की ठो कळलं नाही.

सोबतची पुस्तिका मात्र वाचली. बी.एस्सी.ला होते ना, घरातली शास्त्रज्ञ मीच! यातून रेडिओ लहरी निघतात, टीव्हीत व्यत्यय येऊ शकतो, अँटेना अंगापासून वीतभर लांब ठेवा… आणि पेसमेकर असलेल्यांनी जास्तच जपा. आणि आमच्या वडिलांना, आप्पांना, पेसमेकर बसवून दोनच महिने झाले होते.

आईला सांगितलं तर ती माझ्यावरच डाफरली. "जावयाला एक शबुद बोलायचा न्हाई! पहिल्या सणाला कुनी असं बोलतं का?"

मग हलवायचं कुणाला? आप्पांना! ते बिचारे गोंधळले. "रेडिओ हाय म्हनती, मंग बातम्या का लागत न्हाईत?" त्यात टीव्हीवर रेघा आल्या आणि माझी खात्रीच पटली. शेजारच्या गिरणीमुळे त्या रोजच यायच्या, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पण धोका लॅपटॉपचाच, की दिवसभर तो मांडीवर घेणाऱ्या दाजींचाही? मला कळेना… मी आपलं सांगून टाकलं, दोघांपासूनही लांब राहा. झालं! दाजी बैठकीत आले की आप्पा उठून अंगणात.

पाडव्याला आमच्याकडे सासरा-जावई शेजारी बसून जेवतात. आईने दाजींचा पाट रांगोळी काढून मधोमध मांडला आणि आप्पांचा पार मागच्या दारापाशी. दाजींनी ते पाहिलं. दोन घास खाऊन उठले, तसे आप्पाही ताटावरून उठले.

थोड्या वेळाने ताई रडत माझ्याकडे आली. दाजी बॅग भरत होते… आप्पांनी आपल्याला जावई मानलेलंच नाही, असं त्यांनी धरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुस्तिका घेऊन दाजींकडे गेले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

वाटलं, आता हसतील. पण दाजी मटकन खाली बसले. ही कार्डं कशात व्यत्यय आणतात, कुणाला अपाय करतात का, हेच तपासायचं त्यांचं काम होतं! "ही सूचना मी रोज वाचतो गं. आप्पांचं ऑपरेशनही माहीत होतं… तरी दोन्हींची सांगड घातलीच नाही मी." त्यांनी कार्ड खटकन ओढून काढलं, दिवा विझला. आता काही धोका नाही, म्हणाले, आणि माणसाच्या अंगात तर लहरी साठून राहतच नाहीत.

दारात उभ्या आप्पांना त्यातलं किती कळलं, देव जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता मी तुमच्या शेजारी बसू का, जावईबापू?"

दाजी उठले आणि आप्पांचं ताट स्वतःच्या हाताने उचलून आपल्या ताटाशेजारी ठेवलं.

दाजी, त्या दिवशी तुम्ही माझ्या शहाणपणाला हसला नाहीत… त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते.