रेच्या शेजारचा टेरी

पहिल्याच दिवशी टेरीने मला मैदानाबाहेर काढलं, कारण मी नमस्कार केला होता.

अमेरिकेतल्या श्रूजबरीत शाळेमागच्या मैदानावर आमची मराठी टीम रविवारी सकाळी फुटबॉल खेळायची. निम्मे माझ्यासारखे पीएचडीवाले, निम्मे ऑफिसवाले; मुली-मुलगे एकत्र. माझी लाथ समोरच्या बाईच्या पोटरीत बसली आणि सवयीने मी वाकले, तिला हात लावला, तो छातीला लावला. तेवढ्यात ती बॉल घेऊन पुढे गेली आणि गोल करून आली.

"खाली काय शोधत होतीस?" टेरी ओरडला.

"पाय लागला की नमस्कार करतो आम्ही."

"मग तुला नव्वद मिनिटं वाकूनच राहावं लागेल. बाहेर हो!"

टेरी तेव्हा साठीला आला होता. नाक एका बाजूला बसलेलं, पुढचे दात खोटे, आणि उजव्या भुवईपासून केसांपर्यंत टाक्यांची पांढरी रेघ. ते टाके कपडे बदलायच्या खोलीत, भूल न देता, हाफटाइममध्ये घातलेले. "टाके घालणाराच आमची बस चालवायचा," तो सांगायचा. "दोन्ही कामं एकाच स्पीडने." अमेरिकन बायकोच्या मागे तो इंग्लंडहून इथे आला. ती वारली, तो राहिला. त्याच शाळेच्या मैदानाचं गवत कापायची नोकरी करत. आम्ही त्याला टेरीकाका म्हणायचो. त्याला वाटायचं, काका म्हणजे कोच. परक्या टीमशी हात मिळवताना तो ऐटीत सांगायचा, "टेरी. काका."

उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावाच्या क्लबकडून, चौथ्या डिव्हिजनमध्ये, तो सोळा वर्षं सेंटर बॅक म्हणून, म्हणजे गोलसमोरच्या बचावात, खेळला. मोठ्या क्लबांनी दोनदा बोलावलं, तो गेला नाही. का, असं विचारलं की म्हणायचा, "माझी जागा तिथे होती." आम्हाला शिकवतानाही तेच. हेडिंगच्या वेळी तो जवळून, जोरात, थेट कपाळावर बॉल मारायचा. "डोळे उघडे ठेव. मिटलेस तर तोच मार दोनदा लागतो." कोणी कळवळलं की ठरलेलं वाक्य यायचं: "दुखतंय? म्हणजे अजून तुझंच आहे. खेळ."

त्याच्या प्रत्येक गोष्टीत रे असायचा. रे म्हणजे त्याच्या डावीकडे अकरा वर्षं उभा राहिलेला दुसरा सेंटर बॅक. एका स्ट्रायकरने रेचा जबडा फोडला, तर टेरीने तासभर वाट पाहिली आणि कॉर्नरच्या गर्दीत त्या माणसाच्या बरगड्यांत कोपर घातलं. "सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला," तो खूश होऊन सांगायचा. आम्ही सगळे हसायचो. मीही.

तोच रे आता गावाकडच्या एका शुश्रूषागृहात होता. बायकोला, मॉरीनला, ओळखत नव्हता. चमचा हातात दिला तर काय करायचं ते त्याला आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यावरचे मार. बेशुद्ध पडलेल्या माणसाला क्लबने पुन्हा पुन्हा मैदानात उभं केलं, असं म्हणत मॉरीन कोर्टात गेली होती. तिला साक्षीदार हवा होता, आणि त्या वेळी शेजारी उभा असलेला एकच माणूस होता. प्रॅक्टिस चालू असताना तिचा फोन यायचा. टेरी स्क्रीन बघायचा आणि फोन पुन्हा खिशात टाकायचा.

मी युनियनची पत्रकं वाळत घातलेल्या घरात वाढले. निष्ठा हा शब्द आमच्याकडे फक्त मालकांच्या तोंडी यायचा. मला राहवलं नाही.

"साक्ष का देत नाहीस?"

"क्लबने मला सोळा वर्षं सांभाळलं."

"सांभाळलं नाही. वापरलं, आणि रेला फेकून दिलं!"

त्याने हातातला बॉल खाली टाकला आणि पूर्ण ताकदीने माझ्या पोटात मारला. मी गुडघ्यांवर बसले. "त्या शर्टाबद्दल तोंड सांभाळून बोलायचं," एवढंच म्हणून तो पुढच्याकडे वळला.

पुढच्या महिन्यात मॅच होती. कॉर्नरवर मी उडी मारली आणि समोरच्या मुलाचं कपाळ माझ्या कानशिलावर आदळलं. डोळे उघडले तेव्हा तोंडात माती आणि रक्त होतं, आणि मी कुठल्या गावात आहे ते मला सांगता आलं नसतं. रेफ्री वाकून विचारत होता, "स्कोअर काय झालाय?"

आमचा गोलकीपर प्रसाद पाण्याची बाटली घेऊन माझ्या कानाशी वाकला. "आपले दोन, त्यांचे तीन. पटकन बोल यार, बदली प्लेअर नाहीये आपल्याकडे."

मी ते इंग्रजीत म्हटलं. रेफ्रीने मान डोलावली. मी उभी राहिले. समोर एका गोलच्या जागी दोन दिसत होते.

टेरी मैदानात धावत आला. त्याने प्रसादची कॉलर धरली आणि त्याला गोलच्या खांबावर आपटलं.

"तिच्या कानात काय सांगितलंस?"

"काही नाही, काका, पाणी देत होतो..."

टेरीने बुक्की मारली. ती प्रसादच्या कानाशेजारी खांबावर बसली. बोटांची सालं निघाली. "मला तुमची भाषा कळत नाही. पण हे तोंड कळतं. असंच तोंड करून मी बसायचो!" रेफ्रीने लाल कार्ड काढलं. टेरीने ते बघितलंही नाही. मला उचलून ट्रकमध्ये घातलं आणि हॉस्पिटलात नेलं.

तिथे बाकावर, रक्ताळलेला हात मांडीवर ठेवून, तो बोलला. रे पडायचा. डोळे पांढरे, श्वास घोरल्यासारखा. क्लबचा माणूस यायचा, स्कोअर विचारायचा. आणि टेरी रेच्या कानात उत्तर सांगायचा.

"तो माणूस मला ऐकू येईल एवढ्या जवळ उभा राहून विचारायचा. त्याला तेच हवं असायचं. रे उठायचा आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारायचो. मला वाटायचं, मी त्याची जागा वाचवतोय."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

मालकांविरुद्धची वाक्यं माझ्याकडे तयार होती. याच्यासाठी एकही नव्हतं.

माझं डोकं तपासून झालं तेव्हा तो पार्किंगमध्ये फोनवर होता. "मॉरीन, मी बोलेन. पण आधी माझं ऐक, मग ठरव मी तुला हवा की नको." तो बराच वेळ सांगत राहिला. मग बराच वेळ ऐकत राहिला. फोन ठेवून ट्रकच्या दाराला टेकला. ती काय म्हणाली, ते त्याने सांगितलं: रे हसत हसत सांगायचा, की टेरी शेजारी असला की मला आडवं राहायची चोरी आहे. ती त्याला शिव्याही देईल आणि साक्षीलाही बोलावील.

जबानी व्हिडिओ कॉलवर, त्याच्या स्वयंपाकघरात झाली. त्याने मला बाजूला बसायला सांगितलं. त्यानंतर मी नोकरीसाठी दूर बेलव्ह्यूला आले, त्यामुळे माझी त्याची ती शेवटची भेट. त्याने टाय लावला होता. क्लबचा वकील फार अदबीने बोलत होता.

"सोळा वर्षांत तुम्ही क्लबविरुद्ध एकही तक्रार केली नाही, बरोबर?"

"बरोबर."

"मग आज तक्रार कसली?"

"तीच. तेव्हा केली नाही, ही."

वकिलाने कागद उलटला. "म्हणजे दोष क्लबच्या माणसाचा, असं तुमचं म्हणणं?"

टेरी खुर्चीत पुढे सरकला. हात टेबलावर पसरलेले, बोटांवर खपल्या धरलेल्या. "तो विचारायचा. उत्तर मी द्यायचो. दोघांची नावं लिहा," तो म्हणाला. "माझं आधी."

आणि स्क्रीनकडे बघत, एकेक अक्षर सुटं करून, त्याने आपल्या नावाचं स्पेलिंग सांगितलं.