बोट दुरुस्तीला आहे

तिच्या खिडकीशी हसत कोणी येत नाही. हसणारी माणसं आत असतात, पाळण्यात, छोट्या आगगाडीत, आइस्क्रीमच्या रांगेत. खिडकीशी येतो तो हिरमोड झालेला माणूस. थीम पार्कच्या मुख्य दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताला, छत्र्या भाड्याने देणाऱ्या टपरीला लागून, 'माहिती व तक्रारी' अशी पाटी आहे आणि त्या पाटीखाली ती एकोणीस वर्षं बसलेली आहे. सगळे तिला खिडकीताई म्हणतात. पगाराच्या चिठ्ठीवर दुसरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तिला आपलं काही चुकलं की काय असं वाटतं.

एकोणीस वर्षांत तिच्या कानांनी काय काय सोसलं आहे! दोन दिवस प्रवास करून आलो आणि किल्ला एवढासाच? आता दुरून डोंगर साजरे हे माणसाला घरी बसून कळू नये का? त्या किल्ल्याच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मग उंचीच्या पट्टीपाशी दोन बोटं कमी पडलेली पोरं आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने रडणारे त्यांचे बाप. एकदा तर अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस डोकं काढून भिंतीआड सिगारेट ओढत होता, तो नेमका एका चार वर्षांच्या मुलीला दिसला. तिची आई खिडकीशी येऊन म्हणाली, "आता हिला रात्री झोपवायला तुम्ही या."

पण ही सगळी पहिल्यांदा येणारी माणसं. ती तावातावाने भांडतात आणि संध्याकाळी भजनाहून परतावं तशी फुगे घेऊन शांतपणे बाहेर पडतात. खरा त्रास नेमाने येणाऱ्यांचा. वर्षाकाठची एकच सुट्टी, ती इथेच काढायची, असं ठरवून बसलेली माणसं असतात. कुठल्या रांगेत किती वाजता सावली येते हे त्यांना तोंडपाठ. ती भांडत नाहीत. हळूच विचारतात, "यंदा कोपऱ्यावरचा बाजावाला दिसत नाही?" त्याला काढलं म्हणून सांगितलं की घरातलं कोणी गेल्यासारखी उभी राहतात. अशांपुढे काय बोलायचं ते तिला एकोणीस वर्षांत सुचलेलं नाही.

काय बोलायचं ते साहेबांना मात्र सुचत असे. साहेबांनी एक यादी टंकून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. 'बंद' म्हणायचं नाही, 'विश्रांती' म्हणायचं. 'गर्दी' नाही, 'उत्साह'. तक्रारीचा पिवळा कागद पाहुण्याच्या हाती द्यायचा नाही, आपणच लिहायचा, कारण पाहुणे भलतंसलतं लिहितात. माणूस तोंडाला फेस येईपर्यंत बोलायचा आणि ती मान हलवत लिहायची: 'पाहुण्यांची अपेक्षा काही अंशी पूर्ण होऊ शकली नाही.' खाली सही घ्यायची, भरपाईच्या रकान्यात एक फुकट पास लिहायचा आणि पुढचा. या कामात तिचा हात इतका बसला होता की नव्या माणसांना साहेब तिचे कागद वाचायला देत. शाबासकीची गोष्ट, पण घरी सांगावीशी तिला कधी वाटली नाही.

घरी म्हातारी आई होती. आईला दोन खोल्यांबाहेर पडवत नसे, त्यामुळे लेकीची खिडकी हीच तिची करमणूक. हातपाय धुऊन होत नाहीत तोच विचारायची, "आज कोण रडलं?" आणि ऐकून निकाल द्यायची. "हॅ! किल्ला लहान निघाला, हे काय दुःख झालं?" किंवा, "त्या पोरीचं मात्र खरं गं. अस्वलाने तरी असं करू नये." लेक कपडे बदलत, भाजी चिरत सांगत राहायची. बोलून बोलून घसा बसलेला असायचा, पण म्हातारीचं मन मोडवत नसे.

एक गोष्ट तिने आईलाही सांगितली नव्हती.

पार्कच्या मागच्या अंगाला भुयारातली बोट होती. पार्क बांधला तेव्हापासूनची, सगळ्यांत संथ. सहा माणसांची लाकडी बोट अंधारातून सरपटत जायची, भिंतींवर दिवे, दोन हलणारी हरणं, एक धबधबा, की आली बाहेर. पोरांना ती कंटाळवाणी वाटायची, म्हाताऱ्यांना जीव की प्राण. गेल्या हिवाळ्यात ती बंद केली ती कायमची. तिथे नवं काहीतरी उलटंपालटं फिरणारं येणार होतं. पण साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हंगाम संपेपर्यंत हे बाहेर फुटता कामा नये. बोटीसाठी येणारी माणसं जुनी आहेत, पास आधी काढू देत. विचारलं तर दुरुस्ती चालू आहे म्हणायचं." सगळे मूग गिळून बसले. तीही बसली.

बोटीसाठी येणाऱ्या माणसांत एक घड्याळजी काका होते. वय अठ्ठ्याहत्तर. चौदा वर्षं न चुकता, उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात काका आणि काकू येत, तीन दिवस राहत आणि दिवसातून सहा वेळा बोटीत बसत. दुसरं काही नाही. काका खिशातल्या घड्याळावर प्रत्येक फेरी मोजत आणि खिडकीशी येऊन वर्दी देत, "मुली, आज बोट वीस सेकंद मागे आहे. सांग तुझ्या साहेबांना." काकू मागून म्हणत, "तिला कशाला छळता? बोटीला काय गाडी पकडायची आहे?" त्यावर ती हसत असे. एवढी एक तक्रार तिला वर्षभर पुरायची, कारण ती तक्रार नसायचीच. मुलं लहान असताना दोघं पहिल्यांदा त्या बोटीत बसली होती. आता मुलं परदेशी आणि ही दोघं बोटीत.

यंदा त्यांचा फोन दोन महिने आधीच आला. "मुली, बोट चालू आहे ना गं? म्हणजे तसं ठरवायला बरं."

"दुरुस्ती चालू आहे, काका," ती म्हणाली. इथवर साहेबांचं. पलीकडे काका गप्प झाले. ती शांतता तिला सोसवेना, म्हणून तिने पदरचं घातलं, "तुम्ही याल तोवर होईल सुरू. तुम्ही या निर्धास्त."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे वाक्य यादीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं. उलट फोन करून खरं सांगावं असं पहिले चार दिवस रोज वाटलं. पाचव्या दिवशी वाटलं, तब्येतीमुळे येणारच नाहीत कदाचित. मग तर दुसऱ्याच्या आजारपणाची वाट बघण्यापर्यंत मजल गेली, आणि स्वतःची अशी लाज वाटली की तिने तो विचारच बंद केला. दोन महिने ती कामावर गेली, आली, आईला गोष्टी सांगितल्या, झोपली. नुसतं बसूनही माणूस इतका दमू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, दरवाजा उघडल्या उघडल्या दोघं आली. काका चाकाच्या खुर्चीत आणि काकू मागून ढकलत. काकांनी लांबूनच हात केला आणि खुर्ची थेट मागच्या अंगाला वळली. थांबवावं म्हणून ती अर्धी उठली. तेवढ्यात एका बाईने खिडकीत हरवलेला बूट ठेवला. बुटाची नोंद लिहिताना तिची अक्षरं वाकडी आली.

अर्ध्या तासाने दोघं परतली. काकूंचं तोंड लाल झालं होतं. काका शांत होते.

"काका," ती म्हणाली, "दुरुस्ती जरा लांबली..."

"बाई," काका म्हणाले. चौदा वर्षांत त्यांनी तिला बाई म्हटलं नव्हतं. "मी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुरुस्तीला उघडलेलं घड्याळ कोणतं आणि भंगारात काढलेलं कोणतं, एवढं मला कळतं. कालव्यात पाणी नाही, गवत उगवलंय. बोटी पालथ्या घालून ठेवल्यात, त्यांच्या कड्या काढून नेल्यात. तुम्ही फोनवर बोललात तेव्हा हे असंच होतं का?"

साहेबांचं नाव घेता आलं असतं. यादी समोरच चिकटलेली होती.

"हो," ती म्हणाली. "असंच होतं."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, काका."

काकूंना राहवेना. "अगं, बोट गेली तर गेली! जुन्या गोष्टी जायच्याच. पण डॉक्टरांनी यांना यंदा एकच प्रवास करायचा म्हटलंय, एकच. यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे, ती उलट्या दिशेला, पार दुसऱ्या टोकाला. तिकडे जावं की इकडे, चार दिवस घोळ घातला यांनी. म्हणून तर तुला फोन केला. तू नाही म्हणाली असतीस तर आम्ही तिकडे असतो गं आत्ता."

"ताईच म्हणाली," काका म्हणाले, "तू बोटीत बसून ये, मी कुठे पळून जातेय."

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. कोणीतरी पाठीवर पोतं ठेवावं तसे खांदे जड झाले, एवढंच. मागे रांग वाढत होती. छत्रीवाला मान लांब करून बघत होता.

"पिवळा कागद काढा," काका म्हणाले. "तक्रार लिहायची आहे."

"अहो, जाऊ दे ना," काकू म्हणाल्या.

"नाही जाऊ द्यायचं."

तिने कागद घेतला आणि हाताने आपली सवय चालवली. लिहून झाल्यावर काका म्हणाले, "वाचा." तिने वाचलं, "बोटीची सेवा उपलब्ध नसल्याने पाहुण्यांची अपेक्षा काही अंशी पूर्ण होऊ शकली नाही."

"हे कोणाचं झालं?" काकांनी विचारलं. "माझं तर नाही."

तिने कागद फाडला. दुसरा घेतला. काका सांगत गेले आणि ती एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, माणूस बोलेल तसं लिहीत गेली. 'बोट कायमची बंद असताना ती सुरू होणार असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्या बाईला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. तिच्या शब्दावर मी आलो.' तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्याशी हात थांबला. तिने तिथे स्वतःचं पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव पूर्ण लिहिलं. काकूंनी तोंड फिरवलं.

काकांनी सही केली. उरला भरपाईचा रकाना. सवयीने पासचं पुस्तक पुढे ओढलं गेलं, ते तिनेच परत ढकललं.

"काका, इथे काय लिहू? तुम्हाला काय हवंय?"

काकांनी खिडकीच्या कट्ट्यावर बोटं ठेवली. राग उतरत होता आणि त्याच्या जागी नुसता थकवा दिसत होता. मग ते म्हणाले, "ताई रोज या वेळेला जागी असते. मी तिला काय सांगू? मला नाही जमायचं. तू सांग."

पुन्हा तू. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

काकूंनी पर्समधून चिठ्ठी काढून नंबर दिला. तिने खिडकीवर 'थोड्या वेळात येते'ची पाटी लावली आणि फोन लावला. खूप वेळ वाजत राहिला. मग कोणीतरी उचलून कोणाच्या तरी कानाशी धरला. म्हातारा, बारीक आवाज आला, "पोचलास का रे? बसलास का बोटीत?"

"मी पार्कातून बोलतेय," ती म्हणाली. "खिडकीवरची. तुमचे भाऊ इथे माझ्यासमोरच आहेत, सुखरूप आहेत. बोट बंद झाली, कायमची. आधीच झाली होती. मला माहीत होतं, तरी मी त्यांना या म्हणाले."

काका तिच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणजे," म्हातारीने सावकाश विचारलं, "तो इकडे आला असता?"

"हो, आजी," ती म्हणाली. "आले असते."